आपली दालचिनी

मला बायकांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. मसाले राहतात. बाजारात कुणी हात धरून "काय काकी, ओळखलं का?" म्हणालं की मी तोंडभर हसते आणि मनात म्हणते, बाई गं, नुसती उभी राहू नकोस, तुझी मिरची सांग. मग ती म्हणते, "मी नाही का, अर्धी बेडगी, अर्धी लवंगी आणते," की लगेच तिची सासू, तिची जाऊ आणि आमच्या पायरीवर झालेलं त्यांचं भांडण, सगळं आठवतं.

मरोळला आमची मसाल्याची डंकण आहे. ज्यांच्या घरी मसाला पाकिटातून येतो त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत पुरलेली चार लोखंडी उखळं, त्यांच्यावर चार मुसळं, आणि ती आळीपाळीने वर-खाली करणारी एक मोटर. चक्कीत मसाला दळला जातो, तापतो आणि त्याचा अर्धा वास तिथेच उडून जातो. डंकणीत तो कुटला जातो. मग चाळायचा, चाळणीवर राहिलेला भरडा परत उखळात टाकायचा, परत चाळायचा. होळीपासून पाऊस लागेपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते आणि बाकीचं वर्ष आम्ही हळद, चटण्या नि भाजणीवर काढतो.

कापडगिरणी बंद पडून नोकरी गेल्यावर आमच्या ह्यांनी ही मशिन जुनी उचलून आणली. मोटर ते बघायचे, मसाला मी. ते गेले, मोटर दोनदा बदलली. आता माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, त्यामुळे डंकण सून चालवते आणि मी दाराशी खुर्ची टाकून चुका काढते. चाळायला पहिल्यापासून जुबेदा आहे, कुर्ल्याहून येते. माझी कामगार म्हणून आली होती, आता मला दम देते.

आमच्या धंद्यात अक्कल दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर एका नेमाचा: गिऱ्हाइकाने जे आणलं, तेच त्याला परत मिळणार. दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही, शेजारणीचा तर नाहीच नाही. म्हणून बायका पदर नाकाला लावून, शिंकत, डोळे पुसत स्टुलावर बसून राहतात, पण जागा सोडत नाहीत. एक बाई तर पिशवीवर टॉवेल टाकून यायची. तिच्या नणंदेला तिचं प्रमाण कळू नये म्हणून. नणंद दुसऱ्या दिवशी यायची, तिच्याही पिशवीवर टॉवेल. दोघींचा मसाला शंभर टक्के सारखा होता, कारण दोघींना एकाच बाईने शिकवलेला. हे मी दोघींनाही कधी सांगितलं नाही. आमचा धंदा डॉक्टरसारखा आहे, पोटातलं ओठावर आणायचं नाही.

गावठाणातली ईस्ट इंडियन ख्रिस्ती फिलूबाय बाटलीचा मसाला करायची. भाजलेले पंचवीस जिन्नस आणि सोबत बिअरच्या तपकिरी रिकाम्या बाटल्या. मसाला कुटून झाला की ती इथेच बसून लाकडी काठीने बाटलीत ठासून ठासून भरायची. बाजूला एक माळकरी आजोबा हळद घेऊन बसलेले असायचे. बाटल्या बघून ते पहिल्या वर्षी उठूनच गेले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "बाय, वास मात्र झकास आहे तुझ्या मसाल्याचा." तिसऱ्या वर्षी घरी एक बाटली घेऊन गेले, कागदात गुंडाळून.

मग एक साल असं आलं की सकाळी चालायला जाणारे सगळे शुगरवाले दालचिनीची पूड करून मागायला लागले. कुणाच्या तरी मोबाईलवर काहीतरी आलं होतं. शुगरला फरक पडला की नाही देव जाणे, माझ्या उखळांना पडला. दालचिनीचा वास चिवट. कुंच्याने झाडा, मीठ कुटून काढा, जात नाही. त्यांच्यामागून वेसाव्याची एक कोळीण आपला कालवणाचा मसाला कुटून घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून दारात उभी. "काय गं काकी, बोंबलाचा कालवण केला का शिरा केला, घरात कोनाला कलत नाय." तिला मी सगळा मसाला नवा करून दिला. तेव्हापासून दालचिनीवाले शेवटी, संध्याकाळी.

दालचिनीचं हे पुराण मी उगाच लावलेलं नाही. पुढे जे सांगायचंय त्याला ते लागणार आहे.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम आमच्याकडे यायच्या. नंबर लागेपर्यंत दुसऱ्यांच्या पिशव्यांत बघत बसायच्या. एकदा त्यांनी एका हातात तमालपत्र आणि दुसऱ्या हातात दालचिनी घेतली नि म्हणाल्या, "काकी, ही दोघं एकाच कुळातली. एकाचं पान खातो आपण, एकाची साल. आणि तुमच्या देव्हाऱ्यातला कापूर, तोही यांचाच भाऊबंद."

"कापूर? तो तर वडीचा येतो."

"आता कारखान्यात करतात. मूळचा झाडाचा. खूण सांगू? पान उलटं करून बघा. बहुतेक पानांना मधे एक मोठी शीर असते. या घराण्यातल्या पानांना देठापाशी तीन शिरा निघतात आणि तिन्ही टोकाकडे जातात. आणि पान चुरगळलं की वास गप्प बसत नाही."

मी घरी जाऊन डब्यातली सगळी तमालपत्रं उलटी केली. तीन म्हणजे तीन. तेव्हापासून मी येईल त्याला ऐकवायचे: एक भाऊ देव्हाऱ्यात, एक पुलावात, एक मसाल्यात. मॅडमचं ज्ञान मी माझं म्हणून किती वर्षं वापरलं, त्याची गणती नाही.

पण दालचिनीची पारख मात्र माझी स्वतःची, आणि तिचाच मला माज होता. आमच्या गावी, सावंतवाडीकडे, परड्यात दालचिनीची दोन झाडं होती. बाबा पावसात कोवळ्या फांद्या कापायचे, वरची खरबरीत साल खरवडून टाकायचे आणि आतली पातळ साल सोलून सावलीत वाळवायचे. ती आपोआप सुरळी व्हायची, कागदासारखी. बाजारात मिळते ती बहुतेक जाडी, लाकडी, एका बाजूने वळलेली. ती तिखट असते, पण तिला नाजूकपणा नाही. मी ती दुरून ओळखायचे. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, "बाई, वाण्याने तुला सरपण दिलंय." बायका वाण्याशी भांडायला जायच्या. मला बरं वाटायचं.

आता गावड्यांचं सांगते.

गावडे म्हणजे उंच, वाळका माणूस. एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होता, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. तीन मजली जुन्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहायचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, पण सगळं मरोळ मला काकी म्हणतं म्हणून तोही काकीच म्हणायचा. खरं गिऱ्हाईक त्याची बायको, शालिनीवहिनी. ठेंगणी, ठसठशीत, कमी बोलणारी. मालवणी मसाला. तिचा गरम मसाला घरूनच भाजून, खलबत्त्यात भरड करून यायचा. मी फक्त मिरच्यांबरोबर कुटून एकजीव करायचे. तिच्या मसाल्याला शेवटी लवंगेसारखा एक झणका असायचा. मला वाटायचं, ही लवंग जास्त घालते. विचारलं नाही कधी.

त्या वर्षी ती आली नाही. मे महिन्याच्या शेवटी गावडे आला, एकटा, कापडी पिशवी घेऊन. म्हणाला, "ती गेली. होळी झाल्यावर चार दिवसांनी. झोपेतच." मग पिशवी पुढे केली. आम्ही दोघंही तिकडचेच, त्यामुळे माझ्याशी तो मालवणीतच बोलायचा. "सगळा तिनाच बांधून ठेवलेला हा. भाजूक तेवढा ऱ्हवला. माका ह्यातला काय कळणा नाय, काकी. तुमीच काय ता बघा."

मी स्टूल दिलं. तो बसला नाही. पिशवीतल्या पुड्या मी बाहेर काढायला लागले तसा तो वळला. "मी भायर बसतंय," म्हणाला आणि पायरीवर पाठ करून बसला. त्याला त्या पुड्या सुटताना बघवणार नव्हत्या. इतक्या वर्षांत बघायला न बसलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक.

जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेल्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर दोरा, प्रत्येकीवर बॉलपेनने नाव. धणे. बडीशेप. मिरी. दगडफूल. पानं. आणि एकीवर लिहिलेलं, आपली दालचिनी.

ती सोडली आणि माझं कपाळ आठ्यांनी भरलं. जाड, काळपट, वाकडेतिकडे तुकडे, वरून पांढुरकं शेवाळ धरलेलं. मोडक्या खुर्चीचा पाय कुणी तासलाय असं वाटावं. मी मनात म्हटलं, भोळी बाई बघून वाण्याने काय गळ्यात मारलंय. मेच्या शेवटाला माझं नाक कामातून गेलेलं असतं, तीन महिने मिरची ओढून दुसरं काय होणार. म्हणून मी डोळ्यांवर चालले. एकदा ती साल मोडून नाकाशी नेली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी ते तुकडे मिरच्यांच्या देठांच्या घमेल्यात टाकले. माझ्या स्वतःच्या डब्यातली, पातळ, पिवळसर, मी देवासारखी जपलेली दालचिनी काढली आणि तेवढीच तोलून घातली.

जुबेदा बघत होती. "काकी, वो तो भाभी ने बांध के रखा था ना?"

"अगं कचरा होता तो. त्या बिचारीला वाण्याने फसवलं. आपण तरी तिच्या नवऱ्याला चांगलं खायला घालू."

"उनको बोलो तो सही."

"कशाला? उगाच वाईट वाटेल."

घमेलं संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत गेलं. मसाला मी स्वतः भाजून, कुटून, चाळून, डबा पुसून गावड्याच्या हातात दिला. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

पंधरा-वीस दिवसांनी तो आला. हातात तोच डबा. सीझन आटपत आला होता, मी उखळांना तेल लावत होते.

"काकी, ही चव तिची नाय."

तो सांगत होता. काळ्या वाटाण्याची आमटी त्याने तीनदा केली. वहिनीच्या शेजारी उभं राहून कांदा-खोबरं वाटून द्यायचा तो, त्यामुळे करायला येत होती. तीनदा केली, तीनदा नाही जमली. त्याची मुलगी विद्या विरारला असते. ती आली, जेवली आणि म्हणाली, बाबा, मसाला आईचाच आहे, तिनेच बांधलेला, तुम्हालाच चव लागत नाहीये. मग त्याच आठवड्यात त्याच्याकडून दुधाखालचा गॅस चालू राहिला. मुलीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने विसरण्याच्या तपासण्या लिहून दिल्या. आता मुलगी म्हणते, तुम्ही विरारला चला, खोली भाड्याने देऊन टाकू.

"पोरगी खोटा सांगणा नाय," तो म्हणाला. "मसालो तोच. हात तिचो. मगे माका चव कशी गावणा नाय? म्हंजे मीच तिका इसारतंय, काकी. तीन म्हयन्यात. चाळीस वर्सांची बायल."

माझ्या जिभेवर आलं होतं. शपथेवर सांगते, आलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "वय झालं की होतं असं, गावडे," मी म्हणाले.

तो मान हलवून गेला. डबा काखेत धरून, हळूहळू.

जुबेदाने चाळणी खाली ठेवली. "काकी, आपने बोला क्यूं नहीं?"

"काय बोलू? इतक्या वर्षांत या डंकणीतून कुणाचं काही बदललं नाही म्हणून लोक येतात. आता सांगत सुटू?"

"तो वो आदमी पागल बनके विरार जाएगा, और आपका नाम यहां अच्छा रहेगा," ती म्हणाली आणि परत चाळायला लागली. त्या दिवशी ती चहासुद्धा वेगळा करून प्यायली.

मला चार दिवस जेवण गेलं नाही. धंद्यात चूक होते, माणूसच आहोत. पण एका माणसाला वाटतंय की तो आपल्या मेलेल्या बायकोला विसरत चाललाय, आणि ते खोटं आहे हे फक्त मला माहीत आहे, हे ओझं मला पेलेना. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पाचव्या दिवशी मी जुबेदाला म्हटलं, चल.

गावड्याच्या घरी मुलगी आलेली होती. खोके बांधणं चाललं होतं. भांडी अर्धी कागदात, अर्धी कट्ट्यावर. गावडे खिडकीशी बसला होता, पाहुणा असल्यासारखा. मी पाणी नको म्हटलं, बसलेही नाही. बसले असते तर परत धीर गेला असता. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पुडी, शेवाळ, घमेलं, माझा डबा.

विद्याच्या हातातली सुतळी खाली पडली. "तुम्ही काढून टाकलीत? आईने बांधलेली?" तिचा आवाज चढला. "काकी, मी बाबांना डॉक्टरकडे नेलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं की तुम्हाला कळत नाही. लोकांना सांगितलं मी. वाट लावलीत तुम्ही त्यांची."

"थांब गो," गावडे म्हणाला. तो उठून माझ्यासमोर आला होता. "काकी, परत सांगा. दालचिनी तिची नव्हती?"

"नव्हती. माझी होती."

"म्हंजे माझी जीभ बरोबर होती."

"एकदम बरोबर होती, गावडे. चुकलं ते माझं."

तो खाटेवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रडला, पण सुटल्यासारखा रडला. विद्या त्याच्या पायाशी बसली आणि तीही. मी आणि जुबेदा खोक्यांमध्ये उभ्या. मला वाटलं होतं तो मला हाकलेल. हाकललं असतं तर सोपं गेलं असतं.

मग त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "पण टाकलात कित्याक? नाव घातलेला होता ना तिना?"

मी शहाणी म्हणून, एवढंच.

मग प्रश्न आला की आपली दालचिनी म्हणजे कुठली? गावची म्हणावी तर गावड्याची जमीन केव्हाच भावकीत गेली होती आणि वहिनीच्या माहेरी कुणी उरलेलं नव्हतं. मी म्हटलं, ती पिशवी द्या बघू. कापडी पिशवी दाराच्या मागे टांगलेली होती. मी ती उलटी केली, कोपरे झटकले. शिवणीत अडकलेला एका पानाचा तुकडा पडला. मी उजेडात धरला. तीन शिरा. चुरगळला आणि या वेळी न चुकता नाकाशी नेला. नाक तोवर ताळ्यावर आलेलं होतं. तमालपत्र नव्हतं ते. दालचिनी, आणि मागून लवंगेचा झणका. तिच्या मसाल्यातला तोच.

"हे पान?" विद्या म्हणाली. "हे आई खिरीत टाकायची. मागून आणायची."

"मागून म्हणजे?"

"मागून म्हणजे बिल्डिंगच्या मागून."

आम्ही चौघं मागे गेलो. पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे चार पावलांची गल्ली. तिथे कुणी जात नाही, गावड्याच्या जुन्या स्कूटरशिवाय. आणि स्कूटर ज्या झाडाला टेकवून उभी होती, ते झाड. दोन मजले उंच, गर्द, शेंड्याची नवी पालवी तांबूस. मी एक पान तोडून उलटं केलं, पण तोवर गरज उरली नव्हती. हाताला लागलेला वास पुरेसा होता.

गावडे झाडाकडे बघतच राहिला. "ह्या झाडाक मी वीस वर्सा स्कूटर टेकवतंय," तो म्हणाला. "माका वाटला, जंगली आसा."

विद्याला तेव्हा आठवलं. लहानपणी पत्र्याच्या डब्यात एक रोप होतं, आजोळहून आणलेलं. डबा फुटला तेव्हा आईने ते मागे नेऊन लावलं होतं. नंतर कुणी चौकशी केली नाही.

जुबेदाने स्कूटर बाजूला ओढली आणि म्हणाली, "काकी, ये देखो." खोडावर साल काढल्याच्या खुणा होत्या. तळहाताएवढे चौकोन. जुने चारही बाजूंनी भरून आलेले, नुसता वण राहिलेला. सगळ्यात नवा अजून फिकट होता. बाई दरवर्षी एकच तुकडा काढायची, आणि जुनी जागा भरू द्यायची. झाडाला कळू नये इतकंच घ्यायची.

गावड्याला तिथल्या तिथे साल काढायची होती. घरातून सुरी आणली. मी अडवलं तरी त्याने टोक लावून बघितलं. भुगा पडला नुसता. मी म्हटलं, अशी नाही सुटायची. झाडात पाणी चढावं लागतं. पाऊस चांगला मुरला की साल आपण होऊन ढिली होते, तेव्हा बोटाने सुटते. श्रावणापर्यंत थांबायला हवं.

"श्रावणापर्यंत?" विद्या म्हणाली. "मग विरारचं?" तिने बापाकडे बघितलं. तो झाडाखाली उभा राहून मधल्या वणावरून अंगठा फिरवत होता. ती घरात गेली आणि खोक्यातली भांडी परत मांडणीवर लावायला लागली. कढई पहिली.

श्रावणात मी गेले. गुडघे तेव्हाही कुरकुरत होते, पण गेले. मी गावड्याला सांगितलं, कोवळी फांदी घ्या, वरची साल खरवडू, आतली पातळ निघेल, उत्तम दालचिनी होईल. तो म्हणाला, "ती खयसून काढायची?"

"खोडावरून."

"मगे थयसूनच."

वहिनी माझ्या खांद्याला लागायची. सगळे वण तिच्या छातीच्या उंचीवर होते, तिचा हात आरामात पोचेल असे. गावडे सहा फुटी. तो कमरेत वाकला, एक हात गुडघ्यावर टेकून, आणि तिच्या खुणांच्या रांगेत शेवटी एक चौकोन आखला. साल ओली होती. सुरीचं टोक घातल्यावर अलगद सुटून त्याच्या हातात आली. तो तसाच वाकलेला राहिला, खोडाला कपाळ टेकून. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. मला माझी आई गेली तेव्हा जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं तिथे आलं.

खरबरीत, जाड, शेवाळलेली साल. खरवडायला माझे हात शिवशिवत होते. मी ते पदरात गुंडाळून घेतले.

श्रावणात कुणी मसाला कुटत नाही. मिरची सादळते. पण साल त्याच्या फ्रिजच्या मागच्या उबेत वाळली, मिरच्या आम्ही तव्यावर गरम केल्या, आणि बाकी जिन्नसांची मापं मेमध्ये पुड्या सोडतानाच माझ्या डोक्यात पक्की बसली होती. मी मोटर चालू केली. आजूबाजूचे बघायला आले, की अवेळी कुणाचा मसाला. या वेळी गावडे आत स्टुलावर बसला. शिंकला, खोकला, डोळ्यांतून धारा लागल्या, पण उठला नाही. प्रत्येक पुडी मी त्याला दाखवून उखळात टाकली. दालचिनी त्याला स्वतःच्या हाताने टाकायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा घेऊन आला. काळ्या वाटाण्याची आमटी. जुबेदा पाव घेऊन आली. आम्ही तिघं डंकणीच्या कट्ट्यावरच बसलो. मी पाव तोडला, पण तोंडात घातला नाही. जुबेदानेही नाही. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

त्याने पाव बुडवला, खाल्ला. डोळे मिटले. चावत राहिला. मग डोळे उघडले आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी पडला," तो म्हणाला. "ती आसती तर बोंबलली आसती."

"आणि मसाला?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई काय विचारतेय.

"मसाल्याक काय झाला?" म्हणाला, आणि दुसरा पाव घेतला.